हात वर केल्याने तारण होते का?

प्रेषित पौलाच्या एका वाक्यावर आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तारणाचा सगळा व्यवहार उभा केला आहे. 'येशू प्रभू आहे असे जर तू आपल्या मुखाने कबूल करशील, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा आपल्या अंतःकरणात विश्वास ठेवशील, तर तुझे तारण होईल' (रोम. १०:९). माझे म्हणणे असे, की पौलाने हे वाक्य लिहिले ते माणसांच्या वाटेतल्या अटी दूर करण्यासाठी. आपण त्यातूनच एक नवी अट तयार केली. आणि ती अट अशी झाली आहे, की सुखवस्तू माणसाला ती फुकटात पुरी करता येते आणि गरिबाला तिची किंमत मोजावी लागते.

उज्जीवन सभेला गेलेल्या कोणालाही पुढचा क्रम पाठ असेल. संदेश संपत येतो, कीबोर्डवाला हलकेच सूर धरतो, वक्ता सगळ्यांना डोळे मिटून मान खाली घालायला सांगतो. ज्यांना आज आपले जीवन प्रभूला द्यायचे आहे त्यांनी हात वर करा. आता माझ्यामागून म्हणा. चार-पाच वाक्यांची प्रार्थना होते, आमेन होते, आणि लगेच सांगितले जाते की ही प्रार्थना मनापासून केली असेल तर तुमचे तारण झाले. स्वयंसेवक कार्डे घेऊन फिरतात. नाव, गाव, मोबाइल नंबर. दुसऱ्या दिवशी आकडा जाहीर होतो.

या सभांबद्दल मला आकस नाही. त्या मांडवात दारू सुटलेली, घरी परतलेली, बायकोवर उचललेला हात कायमचा खाली आलेली माणसे मी ओळखतो. देव कुठेही भेटतो, मांडवातही भेटतो. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना वर केलेला हात ही मुखाची कबुली कशी म्हणायची? कोणी पाहू नये अशी आधी व्यवस्था करायची आणि मग तिलाच जाहीर कबुली म्हणायचे, यात काहीतरी मुळातच उलटे झाले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अशी 'माझ्यामागून म्हणा' प्रार्थना कुठेही सापडत नाही. फिलिप्पैतल्या तुरुंगाधिकाऱ्याला 'प्रभू येशूवर विश्वास ठेव' असे सांगितले, तेव्हा त्याने त्याच रात्री पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि कैद्यांना आपल्या घरात नेऊन जेवू घातले. सरकारी नोकराने सरकारी कैद्यांना पंक्तीला बसवले, ही त्याची कबुली. आपली पद्धत त्या मानाने अगदी अलीकडची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फिनी हा उपदेशक पश्चात्तापी लोकांना पुढच्या बाकावर बोलावू लागला, विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या सभांनी निर्णयाची कार्डे आणली, आणि १९६५ च्या सुमारास बिल ब्राइट यांच्या छोट्या पुस्तिकेने शेवटच्या पानावरची छापील प्रार्थना जगभर पोचवली. आपण ती प्रेषितांकडून आल्यासारखी वापरतो.

आता पौलाकडे येऊ. इ. स. ५७ च्या आसपास हे पत्र लिहिले गेले, तेव्हा रोममधल्या विश्वासणाऱ्यांची घराघरांतून भरणारी मंडळी दुभंगलेली होती. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून हाकलले होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला त्याच कारणाने करिंथला आले होते. पुढे यहूदी विश्वासणारे परतले, तोवर मंडळीत विदेश्यांचे, म्हणजे यहूदी नसलेल्यांचे, वर्चस्व झालेले. कोण खरे देवाचे लोक, कोणाचे खाणे शुद्ध, कोणाचे सण पाळायचे, यावरून धुसफूस चाललेली. नऊ ते अकरा हे तीन अध्याय त्या दुखण्यावर आहेत, आणि आपले वाक्य त्यांच्या मधोमध येते. त्याच्या आधी पौल जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातले मोशेचे शब्द घेतो: स्वर्गात कोण चढेल असे म्हणू नको, अधोलोकात कोण उतरेल असे म्हणू नको, वचन तुझ्याजवळ आहे, तुझ्या मुखात आणि तुझ्या अंतःकरणात आहे. मुख आणि अंतःकरण ही जोडी पौलाने मोशेकडून उचलली आहे. तारण इतके जवळ आले आहे की त्यासाठी कुठे चढायला नको, कुठे उतरायला नको, हे त्याला सांगायचे आहे. म्हणूनच तीन ओळींनंतर तो म्हणतो की यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) यांच्यात भेद नाही, एकच प्रभू सर्वांचा.

आणखी एक बारीक गोष्ट. नवव्या वचनात मुख आधी आणि अंतःकरण नंतर. दहाव्यात क्रम उलटतो: अंतःकरणाने विश्वास ठेवतो तो नीतिमान ठरतो, मुखाने कबूल करतो त्याचे तारण होते. पौलाला पहिली पायरी आणि दुसरी पायरी असा जिना बांधायचा असता तर त्याने क्रम असा फिरवला नसता. त्याच्या लेखी हे एकाच जिवंत गोष्टीचे आतले आणि बाहेरचे अंग आहे.

बाहेरचे अंग म्हणजे काय, हे रोमी जगात सर्वांना ठाऊक होते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी ट्रेजन बादशहाला पत्र लिहून आपली रीत कळवतो. पकडून आणलेल्यांना तो विचारी, तू ख्रिस्ती आहेस का? दुसऱ्यांदा विचारी, तिसऱ्यांदा विचारी, आणि दर वेळी शिक्षेची धमकी देई. ठाम राहिले त्यांना मृत्युदंड. ज्यांनी नाकारले त्यांनी बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळायचा, द्राक्षारस ओतायचा आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. स्मुर्ण्याच्या वृद्ध बिशप पॉलिकार्पला अधिकारी चक्क समजावत होते: कैसर प्रभू आहे एवढे म्हणायला काय बिघडते? त्याने ते म्हटले नाही, आणि त्याला जाळले. 'येशू प्रभू आहे' ही तीन शब्दांची कबुली त्या काळी कोणी टाळ्यांच्या गजरात दिली नाही. ती मागितली जाई सत्तेकडून, आणि दिली जाई जिवावर उदार होऊन.

इथे कोणी हमखास वधस्तंभावरच्या चोराचे उदाहरण देईल. त्याने एकच वाक्य म्हटले आणि त्याला स्वर्ग मिळाला, मग एका प्रार्थनेने तारण का नाही? पण ते वाक्य त्याने कुठे म्हटले ते पाहा. अधिकारी हसत आहेत, शिपाई टवाळी करत आहेत, जोडीचा गुन्हेगार शिव्या देत आहे, शिष्य पांगले आहेत, आणि शेजारी जो खिळलेला आहे त्याच्यात राजेपणाची एकही खूण उरलेली नाही. अशा माणसाला 'तू आपल्या राज्याधिकाराने येशील तेव्हा माझी आठवण कर' असे म्हणणे! शुभवर्तमानांत एवढ्या विपरीत घडीला दिलेली दुसरी कबुली मला सापडत नाही. पेत्राने चांगल्या दिवसांत 'तू ख्रिस्त आहेस' म्हटले आणि शेकोटीपाशी एका दासीसमोर ते गिळून टाकले.

अंतःकरणाच्या विश्वासाचेही तसेच. देव आहे, एकच आहे, असे मानणे चांगले. पण याकोब म्हणतो भुतेही तसे मानतात आणि थरथर कापतात. पौलाने विश्वासाचा विषय नेमका दिला आहे: देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले. ज्याला धर्मसभेने दोषी ठरवले, राज्याने नग्न करून वेशीबाहेर मारले, त्याच्याच बाजूने देवाने कौल दिला. हे ज्याच्या मनात खरोखर उतरले त्याची माणसांकडे पाहण्याची दृष्टी जुनी राहू शकत नाही. मग आपल्या घरात लग्न जुळवताना 'ते मूळचे कोण?' हा प्रश्न अजून का निघतो? गोव्यात बामण, चार्दो, सुदीर हे भेद चारशे-पाचशे वर्षांच्या ख्रिस्ती जीवनानंतरही लोकांना ठाऊक का आहेत? दर रविवारी विश्वासांगीकार म्हणणाऱ्या आपल्याला हे विचारले पाहिजे. मुखाने कबूल केलेला प्रभू सोयरिकीच्या बैठकीत बाहेर थांबतो की काय?

कर्मांनी तारण की विश्वासाने, या सोळाव्या शतकातल्या वादात मी फार शिरत नाही. १९९९ साली ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि आपण केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देवाला मान्य होतो, आपल्या पुण्याईने नव्हे, हे एकत्र मांडले. मला चिंता वेगळी आहे. कर्मे नाकारता नाकारता आपण हात वर करण्यालाच एक कर्म करून ठेवले. 'मी अमुक तारखेला प्रार्थना केली' यावर माणसे विसंबतात. भरवसा ख्रिस्तावरून सरकून स्वतःच्या त्या क्षणावर जाऊन बसतो.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या बाबतीत मला फार शिकवते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मुखाची कबुली झाली, तीही केवढ्या किमतीला! संस्कृत शास्त्रांत पारंगत विधवा ख्रिस्ती झाली म्हणून महाराष्ट्र खवळला. तरीही त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यावर, मतांगीकारांवर, पत्रामागून पत्र लिहून वाद घातला. न पटलेले पटले म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. आणि पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे आठएक वर्षांनी सापडला. या शोधात त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन आले. हा माणूस दीक्षित पाळक होता, चर्च बांधत होता, आणि १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर स्वतःचाच उपदेश करताना त्याचे परिवर्तन झाले.

मग रमाबाईंचे १८८३ ते १८९१ मधले दिवस तारणाबाहेरचे होते का? असा हिशेब मांडण्याचे धाडस मी करणार नाही, आणि आपल्या वक्त्यांनीही करू नये. दिसते ते एवढेच: मुख आधी बोलले, अंतःकरण मागून पोचले, आणि देवाने मधला सगळा काळ सांभाळून नेला. मधल्या काळात त्या स्वस्थही नव्हत्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुण्याला आले. धर्मप्रचार करणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडे ठेवायच्या, आणि काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ साली वादळ उठले, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घेतले असते तर संस्था बिनघोर चालली असती. मला ते उघडे दार मोठी कबुली वाटते: कोणावर लादलेले काही नाही, कोणापासून लपवलेलेही काही नाही.

उलट क्रमही घडतो. अंतःकरण आधी भरते आणि मुख मागे राहते. लक्ष्मीबाई टिळकांना जातिभेद देवाचा नसून माणसाचा आहे हे पटले, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन चुकले होते. त्यापायी काही वर्षे संसार दुभंगला, आप्त तुटले. इतकी किंमत दिलेल्या माणसाने इतरांकडूनही तीच मागितली असती तर नवल नव्हते. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. दोनच वर्षांनी ते गेले. प्रयोग तिथेच थांबला आणि मंडळीने सुटकेचा निःश्वास टाकला असावा. तो प्रश्न मात्र सुटलेला नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत एकसुरी बोलत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. योहान सांगतो की अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला, पण सभाबहिष्कृत होऊ म्हणून ते कबूल करीनात. त्यांना माणसांकडची वाहवा अधिक प्रिय होती. हे खडसावणे आहे. पण त्याच योहानाच्या शुभवर्तमानात अरिमथाईकर योसेफ हा यहूद्यांच्या भीतीने गुप्त शिष्य राहिलेला, आणि रात्री आलेला निकदेम, हेच दोघे शेवटी पिलाताकडून मिळालेल्या शरीराला सुगंधी द्रव्यांसह पुरतात. आणि जुन्या करारातला अरामी सेनापती नामान! कुष्ठ बरे झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणाला होमबली देणार नाही. पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर भार देऊन नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, तेवढ्याची क्षमा असावी. अलीशा त्याला 'शांतीने जा' म्हणतो. नियम सांगत नाही, सवलतही जाहीर करत नाही. फक्त शांती देतो. नामानाने देवासमोर सोंग केले नाही, आपले वाकणे झाकले नाही. म्हणून तो गेला तो खोटा होऊन गेला नाही.

हे सगळे आज आपल्या दारात येऊन ठेपले आहे ते जातीच्या दाखल्याच्या रूपाने. आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांतली बहुसंख्य घराणी महार आणि मांग समाजातून आलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. अट जागेवर आहे. परिणाम सर्वांना माहीत आहे आणि मोठ्याने कोणी बोलत नाही: शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि पोटजात, रविवारी प्रभुभोजन. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळताना हेच तपासले: बाप्तिस्मा झालेला, चर्चला नियमित जाणे चालू, मग केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी फसवणूक आहे.

मंडळीत अशा मुलाबद्दल काय बोलले जाते ते मी ऐकले आहे. त्याने प्रभूला नाकारले, मत्तय दहा वाच, जो मला माणसांसमोर नाकारील. काही ठिकाणी त्याला कमिटीवर घेत नाहीत. बोलणारे बहुधा असे असतात ज्यांच्या आजोबांना मिशनची शाळा, मिशनची नोकरी, मिशनचे घर मिळाले. त्यांच्या कबुलीने त्यांचे काही गेले नाही, झाला तो लाभच. मी त्या दाखल्याला सत्य म्हणणार नाही. तो असत्य आहे आणि त्याचे ओझे त्या मुलाच्या मनावर असते, हे त्याच्याशी बोलल्यावर कळते. पण त्या असत्यात दुसरे एक असत्य आधीच मिसळलेले आहे: बाप्तिस्म्याबरोबर जात संपते, असे आदेश धरून चालतो, आणि गावात ती संपत नाही. विहीर, स्मशान, सोयरीक, मारहाण यांत त्याची जात पूर्वीइतकीच जागी असते, आणि मार खाल्ल्यावर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार मात्र दर्ज्याबरोबर गेलेला असतो.

कागद आणि कबुली यांची ही ओढाताण मंडळीने फार पूर्वी पाहिली आहे. इ. स. २५० मध्ये डेसियस बादशहाने साम्राज्यातल्या सर्वांना देवांना बली देऊन तसा दाखला घेण्याचे फर्मान काढले. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. एकावर फायूम भागातल्या बहात्तर वर्षांच्या माणसाचा अर्ज आहे, ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण नोंदलेला: मी नेहमीच देवांना बली देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर बली दिला, पेयार्पण केले, नैवेद्य चाखला, तरी दाखला मिळावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बली न देता पैसे भरून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर त्यांचे काय करायचे यावर मंडळी फुटायची वेळ आली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पाळकाने अशांसाठी मंडळीचे दार कायमचे लावून घेतले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या दिवसांत लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याने बोल सोसले होते. २५१ सालच्या परिषदेत त्याने आणि इतर बिशपांनी ठरवले की प्रत्येकाची हकीकत वेगळी ऐकायची; ज्यांनी बली दिला त्यांना दीर्घ प्रायश्चित्त, ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांना सौम्य वागणूक, आणि दार कोणालाच बंद नाही. सात वर्षांनी त्याच सिप्रियनने न्यायासनापुढे आपण ख्रिस्ती असल्याचे उघड सांगितले आणि मान दिली.

दोन काळांत फरक आहे. डेसियसला ख्रिस्ताचा नकार हवा होता. आजच्या आदेशाला तो नको आहे, पण त्याने गरिबाला तो नकार परवडणारा करून ठेवला आहे. दुसरीकडे उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यासारखे कायदे धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला लेखी कळवायला लावतात. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली तिथल्या कायद्यातले असेच कलम रद्द करताना म्हटले होते की माणसाला श्रद्धा बाळगण्याचा, बदलण्याचा आणि ती स्वतःपाशी ठेवण्याचाही हक्क आहे. पुढे तिथे नवा कायदा आला तो भाग निराळा. कबुली जबरदस्तीने वसूल करणे, मग ती दंडाधिकाऱ्याने केलेली असो की पाळकाने, पौलाच्या वाक्यात बसत नाही.

मग कबुलीची गरजच काय, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर स्पष्ट आहे: गरज आहे, आणि मोठी आहे. न बोललेला विश्वास वर्षानुवर्षे मनात कोंडला की तो आठवण होऊन राहतो. येशू पेत्राला नाकारलेल्या तीन वेळांबद्दल तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस काय' विचारतो, कारण तोंडाने मोडलेले तोंडानेच जोडावे लागते. पण तिथेही पाहा, विचारणारा तो आहे ज्याच्या हातापायांवर व्रण आहेत, आणि त्याने आधी काठावर मासे भाजून न्याहारी दिली आहे.

म्हणून मंडळ्यांना माझे सांगणे आहे. उज्जीवन सभेतले आकडे जाहीर करणे थांबवा. हात वर केलेल्याला तारणाचे प्रमाणपत्र त्याच रात्री देऊ नका, त्याला बाप्तिस्म्याच्या शिक्षणाला बसवा आणि वर्षभर त्याच्या घरी जात राहा. १९५० च्या आदेशाविरुद्धचा अर्ज केवळ दलित ख्रिस्ती संघटनांवर सोडू नका. ज्यांना त्या आरक्षणाची गरज नाही अशा ख्रिस्ती वकिलांनी, प्राध्यापकांनी, बिशपांनी त्यावर आपल्या नावाने सह्या कराव्यात, कारण त्यांच्यासाठी आज कबुलीची जागा तीच आहे. आणि दाखल्यावर हिंदू लिहिलेल्या मुलाला कमिटीतून वगळण्याआधी त्याची हकीकत ऐका, एकट्याची, कार्थेजला ऐकली तशी: कोणाच्या पोटासाठी, कोणाच्या दबावाखाली, आणि त्यानंतरही तो मंडळीत येत राहिला की नाही.